प्रसूतिगृहाच्या दारातले पोलीस

१९८९ साल. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातलं चार्ल्सटन हे जुनं बंदर. तिथल्या ‘मेडिकल युनिव्हर्सिटी ऑफ साउथ कॅरोलायना’ या सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात नऊ कलमांची एक यादी लागू झाली. गरोदरपणात एकदाही तपासणीला न आलेली बाई. चोविसाव्या आठवड्यानंतर पहिल्यांदा आलेली. मधल्या तपासण्या चुकवलेली. वार वेळेआधीच सुटलेली. मूल पोटातच दगावलेली. काही कारण नसताना अकाली कळा सुरू झालेली. पोटातलं बाळ वाढत नसलेली. बाळाला जन्मजात व्यंग असलेली. पूर्वी दारूचं किंवा अमली पदार्थांचं व्यसन असल्याचं माहीत असलेली. यातलं एक जरी लागू पडलं, तर तिच्या लघवीत कोकेन आहे का हे तपासायचं आणि सापडलं तर प्रकरण पोलिसांकडे जायचं.

ही यादी पुन्हा एकदा वाचून पाहावी. पहिल्या तीन गोष्टी गरिबीच्या खुणा आहेत. रोजंदारी बुडते, गाडी नाही, घरातल्या लहान मुलांना कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न, म्हणून तपासणी राहते. पुढच्या बहुतेक गोष्टी म्हणजे बाईवर कोसळलेली संकटं. मूल पोटात गेलं की आपल्याकडे शेजारपाजारच्या बायका येऊन गप्प बसून राहतात, बोलायला शब्द नसतात. इथे त्याच दुःखाची नोंद संशयाच्या रकान्यात होत होती.

हे सगळं सुरू झालं ते काही दुष्टपणातून नाही. कोकेनचं सेवन केलेल्या बायका प्रसूतीला येण्याचं प्रमाण वाढतंय, याची काळजी तिथल्या कर्मचाऱ्यांना १९८८ पासून वाटत होती. एप्रिल १९८९ पासून संशयित बायकांच्या तपासण्या सुरू झाल्या आणि दोष आढळलेल्यांना समुपदेशनासाठी पाठवलं जाऊ लागलं. फरक पडेना. चार महिन्यांनी त्या विभागातल्या एका परिचारिकेने बातम्यांमध्ये ऐकलं की, त्याच राज्यातल्या ग्रीनव्हिल शहरात कोकेन घेणाऱ्या गरोदर बायकांना बालछळाच्या गुन्ह्याखाली अटक होते आहे. तिने ते रुग्णालयाच्या वकिलांना सांगितलं, वकिलांनी जिल्ह्याचे सरकारी वकील चार्ल्स कॉन्डन यांना सहकार्याचं पत्र लिहिलं आणि रुग्णालय, पोलीस, समाजसेवा खातं यांची एकत्र समिती बसली. समितीतून बारा पानांचं धोरण बाहेर पडलं.

त्या बारा पानांत काय होतं हे पुढे न्यायालयात उघड झालं. लघवीचा नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची साखळी कशी राखायची, म्हणजे पुरावा न्यायालयात टिकेल, हे होतं. गर्भ सत्तावीस आठवड्यांपर्यंतचा असेल तर अमली पदार्थ बाळगल्याचा गुन्हा, अठ्ठावीसच्या पुढे असेल तर त्यात ‘अल्पवयीनाला अमली पदार्थ पुरवल्याचा’ गुन्हा जोडायचा, बाळंतपणाच्या वेळी सापडलं तर बाळाकडे दुर्लक्ष केल्याचाही, अशी कोष्टकंच होती. त्या गरोदर बाईच्या तपासणीत आणि औषधोपचारात काय बदल करायचा किंवा जन्मलेल्या बाळाची कोणती खास काळजी घ्यायची, याबद्दल मात्र एक ओळ नव्हती. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा निवाडा त्या न लिहिलेल्या ओळीतच आहे.

सुरुवातीच्या महिन्यांत प्रसूतीच्या वेळी दोष आढळला की थेट अटक होत असे. बाळंतिणीला, अंगावरचं जात असतानाच, बेड्या घालून नेल्याचे प्रसंग घडले. १९९० मध्ये धोरण थोडं सैल झालं. उपचार घ्यायला तयार असाल तर अटक नाही. पण उपचाराची वेळ चुकली किंवा पुन्हा दोष सापडला, तर अटक. १९९४ मध्ये, केंद्र सरकारच्या नागरी हक्क विभागाची चौकशी सुरू झाल्यावर, हे धोरण गुंडाळण्यात आलं. तोवर तीस बायकांना अटक झाली होती. त्यातल्या एकोणतीस कृष्णवर्णीय होत्या.

आता एक प्रश्न मनात येतो. मुळात हा गुन्हा कोणता? बहुतेक राज्यांत ‘गरोदरपणी अमली पदार्थ घेणं’ असा वेगळा गुन्हा कायद्यात नव्हता आणि जुन्या इंग्रजी कायद्याच्या परंपरेत माणूस ‘व्यक्ती’ ठरतो तो जिवंत जन्मल्यावर. त्यामुळे सरकारी वकिलांना दुसऱ्याच कामासाठी केलेले कायदे ताणून वापरावे लागले. फ्लोरिडात १९८९ मध्ये एका आईला ‘अल्पवयीनाला अमली पदार्थ पुरवल्याबद्दल’ दोषी ठरवलं गेलं. युक्तिवाद असा: बाळ बाहेर आल्यावर नाळ कापेपर्यंत साठ ते नव्वद सेकंद जातात, त्या वेळात बाळ ‘व्यक्ती’ झालेलं असतं आणि नाळेतून आईचं रक्त, त्यातल्या अंशांसकट, त्याच्याकडे वाहत असतं, म्हणजे आईने पुरवठा केला. दीड मिनिटाच्या नाळेवर एका बाईला अमली पदार्थांची पुरवठादार ठरवलं. त्या बाईने डॉक्टरांना आपण कोकेन घेतल्याचं स्वतःहून सांगितलं होतं आणि तिचं ते सांगणंच तिच्याविरुद्ध पुरावा ठरलं. १९९२ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. विधिमंडळाने हा कायदा करताना असा अर्थ कधी योजलाच नव्हता, असं न्यायालय म्हणालं.

साउथ कॅरोलायनात मात्र उलट घडलं. १९९२ मध्येच एका तरुण आईने, कोकेनचे अंश घेऊन पण एरवी धडधाकट जन्मलेल्या बाळाच्या संदर्भात, गुन्हा कबूल केला. शिक्षा सुनावण्याच्या वेळी तिने न्यायाधीशांकडे उपचारासाठी मदत मागितली. तिला आठ वर्षांची कैद मिळाली. ‘व्हिटनर’ नावाने ओळखलं जाणारं हे प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला: आईच्या शरीराबाहेर जगू शकेल इतका वाढलेला गर्भ हा कायद्याच्या दृष्टीने ‘मूल’ आहे. मतभेद नोंदवणाऱ्यांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. हेच तत्त्व धरलं, तर सिगारेट ओढणाऱ्या, दारू पिणाऱ्या गरोदर बाईचं काय? हा निकाल लागला तेव्हा कॉन्डन राज्याचे महाधिवक्ता झालेले होते.

त्या काळातलं वातावरण समजल्याशिवाय हे समजणार नाही. १९८०च्या दशकात क्रॅक हा कोकेनचा ओढता येणारा स्वस्त प्रकार शहरांतल्या गरीब वस्त्यांत पसरला. १९८६च्या कायद्याने पाच ग्रॅम क्रॅकला जी किमान पाच वर्षांची शिक्षा ठेवली, तीच कोकेनच्या भुकटीला लागू व्हायची तर पाचशे ग्रॅम लागत. १९८५ मध्ये डॉ. आयरा चॅस्नॉफ यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बायका होत्या अवघ्या तेवीस, आणि निष्कर्ष प्राथमिक असल्याचं त्यातच म्हटलेलं होतं. पण वर्तमानपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने ‘क्रॅक बेबी’ हा शब्द उचलला. मेंदू कायमचा बिघडलेली, प्रेम करू न शकणारी, शाळांवर आणि तुरुंगांवर ओझं होणारी एक अख्खी पिढी येते आहे, असं चित्र घराघरांत पोचलं.

ती पिढी आलीच नाही. फिलाडेल्फियातल्या आइन्स्टाइन मेडिकल सेंटरमध्ये डॉ. हॅलम हर्ट यांनी १९८९ पासून २२४ बाळांचा मागोवा घेतला. निम्म्यांच्या आया गरोदरपणात कोकेन घेत होत्या, निम्म्यांच्या नव्हत्या. सगळी घरं गरीब. चौथ्या वर्षी बुद्ध्यांक मोजला तर कोकेनच्या गटाची सरासरी ७९ आणि दुसऱ्या गटाची ८१.९ निघाली. म्हणजे दोन्ही गट जवळपास सारखेच, आणि दोन्ही सर्वसाधारण सरासरीच्या बरेच खाली. सात वर्षांच्या या मुलांना विचारलं तेव्हा दर चारातल्या सुमारे तिघांनी गोळीबाराचा आवाज ऐकलेला होता आणि सुमारे एकतृतीयांश मुलांनी कोणाला तरी गोळी लागताना पाहिलं होतं. डॉ. हर्ट वीसेक वर्षांनंतर ज्या निष्कर्षावर आल्या तो असा, की या मुलांच्या भवितव्यावर कोकेनपेक्षा गरिबीचा परिणाम जास्त खोल होता.

याचा अर्थ कोकेन निरुपद्रवी आहे असा अजिबात नाही. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, वार अकाली सुटण्याचा धोका वाढतो, बाळाचं वजन कमी भरू शकतं. हेरॉईनसारखे अफूच्या जातीचे पदार्थ घेणाऱ्या आईच्या बाळाला जन्मल्यावर तो पुरवठा एकदम थांबल्याने त्रास होतो: ते थरथरतं, किंचाळून रडतं, दूध नीट ओढत नाही. पण गर्भाच्या मेंदूला कायमची इजा करणाऱ्या पदार्थांत दारूचा पुरावा सर्वांत भक्कम आहे आणि दारू दुकानात कायदेशीर मिळते. चार्ल्सटनच्या तपासणीत शोध घेतला जात होता तो कोकेनचा.

मग कोण पकडलं जातं? याचं उत्तर देणारा अभ्यास, योगायोगाने, त्याच चॅस्नॉफ यांचा आहे. फ्लोरिडाच्या पिनेलस काउंटीत सरकारी दवाखान्यांत आणि खासगी डॉक्टरांकडे येणाऱ्या ७१५ गरोदर बायकांच्या लघवीची नावं न लावता तपासणी झाली. अमली पदार्थ किंवा दारू सापडण्याचं प्रमाण गोऱ्या बायकांत १५.४ टक्के, कृष्णवर्णीय बायकांत १४.१ टक्के. कृष्णवर्णीयांत कोकेन जास्त होतं, गोऱ्यांत गांजा. एकूण प्रमाण सारखंच. पण डॉक्टरांनी सरकारकडे कळवलेल्या नावांत कृष्णवर्णीय बायकांचं प्रमाण सुमारे दहापट होतं. १९९० मध्ये हे छापून आलं, म्हणजे चार्ल्सटनमध्ये अटका चालू होत्या तेव्हाच. कायद्याच्या अभ्यासक डोरोथी रॉबर्ट्स यांनी १९९१ मध्ये ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’त या खटल्यांवर मोठा लेख लिहिला. या बायकांना खरी शिक्षा अमली पदार्थ घेतल्याची होत नाही, ती मूल होऊ दिल्याची होते आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. गर्भपात केला असता तर त्यांच्यावर हा खटला झालाच नसता.

चार्ल्सटनच्या दहा बायकांनी दावा लावला. ‘फर्ग्युसन विरुद्ध चार्ल्सटन शहर’ हे प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि २१ मार्च २००१ रोजी सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी तो लिहिला. अमेरिकन राज्यघटनेची चौथी दुरुस्ती नागरिकाला सरकारी झडतीपासून संरक्षण देते आणि सरकारी रुग्णालयाने केलेली लघवीची तपासणी ही झडतीच ठरते. रुग्णालयाचं म्हणणं होतं की, आमचा हेतू आई-बाळाच्या आरोग्याचा होता. न्यायालयाने म्हटलं, अंतिम हेतू तो असेलही. पण त्यासाठी हाती घेतलेलं साधन पोलिसांसाठी पुरावा गोळा करणं हेच होतं आणि त्यात पोलीस व सरकारी वकील पहिल्यापासून शेवटपर्यंत गुंतलेले होते. बाईच्या संमतीशिवाय आणि वॉरंटशिवाय हे करता येणार नाही. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती स्कॅलिया यांचं म्हणणं होतं की, बायकांनी लघवी स्वखुशीनेच दिली होती, मग ही झडती कसली? मला यात एक मोठी चूक दिसते. डॉक्टरला दिलेला नमुना हा डॉक्टरवर टाकलेला विश्वास असतो.

निकाल चांगला होता, पण अरुंद होता. पुरावा कसा मिळवायचा नाही, एवढंच त्याने सांगितलं. असे खटले भरावेत की नाही, यावर तो बोलला नाही. व्हिटनरचा निकाल जागच्या जागी राहिला. त्याच वर्षी त्याच राज्यात मृत बाळ जन्माला आलेल्या एका बाईला मनुष्यवधाखाली दोषी ठरवून बारा वर्षांसाठी तुरुंगात पाठवलं गेलं. २००८ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. कोकेन आणि मृत जन्म यांचा संबंध किती कच्चा आहे हे सांगणारं नवं संशोधन तिच्या वकिलाने न्यायालयापुढे आणलंच नाही, हे कारण ठरलं. तोवर तिची कित्येक वर्षं आत गेली होती.

अलाबामात वाट आणखी लांब गेली. घरातच मेथॅम्फेटामिन हा अमली पदार्थ शिजवणाऱ्यांपासून मुलांना वाचवण्यासाठी तिथे २००६ मध्ये कायदा झाला. मुलाला विषारी रसायनांच्या वातावरणात ठेवणं गुन्हा. सरकारी वकिलांनी ‘वातावरण’ म्हणजे गर्भाशय असा अर्थ लावला आणि २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. मूल दगावलं तर शिक्षा दहा ते नव्याण्णव वर्षं किंवा जन्मठेप. शेकडो बायकांवर खटले भरले गेले. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध घेतलेल्या बाईला यातून वगळावं लागेल, हे विधिमंडळाला सुचायला २०१६ साल उजाडलं. टेनेसीने २०१४ मध्ये थेट कायदाच केला: अमली पदार्थामुळे बाळाला इजा झाली तर आईवर हल्ल्याचा गुन्हा. दोन वर्षांची मुदत घालून केलेला हा कायदा २०१६ मध्ये संपला आणि विधिमंडळाने तो पुढे चालवला नाही. विस्कॉन्सिनचा १९९८ पासूनचा कायदा फौजदारी नाही. पण गरोदर बाईला सक्तीने ताब्यात घेऊन उपचाराला ठेवण्याचा अधिकार तो देतो. नॉर्वेनेही १९९६ पासून अशी सक्तीची तरतूद ठेवली आहे. मात्र नॉर्वेत त्या बाईला आरोग्यसेवा आणि निवारा सरकारकडून हक्काने मिळतो, त्यामुळे दोन्ही देशांतल्या सक्तीला एकाच तराजूत तोलणं बरोबर नाही.

कॅनडाचं एक प्रकरण मला नेहमी आठवतं. विनिपेगमध्ये एक गरोदर बाई गोंद हुंगण्याच्या व्यसनात होती. आधीच्या मुलांना त्याची इजा झालेली. तिला सक्तीने उपचाराला ठेवण्याचा हुकूम निघाला, दोनच दिवसांत त्याला स्थगिती मिळाली. सक्ती उठली, दार उघडं होतं आणि ती बाई आपण होऊन रुग्णालयात राहिली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की, अशी सक्ती करण्याचा अधिकार न्यायालयांना नाही.

शिक्षेच्या बाजूने बोलणारे सगळेच निर्दय असतात असं मी मानत नाही. पोटातलं बाळ बोलू शकत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी उभं राहायला हवं, हे त्यांचं म्हणणं मनाला भिडतं. प्रश्न एवढाच आहे की, या मार्गाने बाळाचं भलं होतं का? २०१९ मध्ये अमेरिकेतल्या आठ राज्यांतल्या सुमारे ४५ लाख जन्मांच्या नोंदी तपासल्या गेल्या. शिक्षेचे कायदे असलेल्या राज्यांत अफूजन्य पदार्थांचा त्रास घेऊन जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाण कमी झालं नव्हतं, उलट जास्त आढळलं. बाईला हे कळायला कायद्याची पुस्तकं लागत नाहीत. मैत्रिणीला पोलीस घेऊन गेले एवढं कळलं की ती दवाखान्याची पायरी चढत नाही. मग रक्तक्षय राहतो, रक्तदाब राहतो आणि व्यसनही राहतं.

अफूच्या जातीच्या व्यसनात तर आणखी एक गोष्ट आहे, जी न्यायाधीशांना आणि नातेवाइकांनाही पटायला जड जाते. गरोदर बाईने हे व्यसन एका झटक्यात सोडणं धोक्याचं असतं. अशी बाई पुन्हा व्यसनाकडे वळण्याची शक्यता मोठी असते आणि ते परतणं जीवघेणं ठरू शकतं. म्हणून मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवणं हाच तिथला मान्य उपचार आहे. बाळाला त्यातूनही थोडा त्रास होऊ शकतो, पण तो बरा करता येतो. त्यावरचं सर्वांत प्रभावी औषध कोणतं? मंद उजेडाची शांत खोली, आईचं अंगावर घेणं, आईचं दूध. बाळ खातंय का, झोपतंय का, कुशीत घेतल्यावर शांत होतंय का, एवढं पाहून उपचार ठरवण्याची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी रुळली आहे. २०२३ मध्ये २६ रुग्णालयांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. या पद्धतीने बाळं घरी जायला सरासरी ८.२ दिवसांत तयार झाली, जुन्या पद्धतीने १४.९ दिवसांत. आईला बेड्या घालून नेलं तर त्या बाळाच्या उशाचं औषधच नेलं.

आपल्याकडच्या १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गरोदर बाईसाठी वेगळा गुन्हा नाही. सेवनासाठी शिक्षा आहे, पण कलम ६४-अ नुसार स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडला तर ती काढून घेता येते. महाराष्ट्रातल्या गरोदर बाईच्या बाबतीत मात्र कोकेन-हेरॉईनपेक्षा कितीतरी जास्त वेळा भेटते ती मशेरीची डबी. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ती काळी पूड सकाळी दात घासायला म्हणून हिरड्यांना लावली जाते, मग दुपारी, मग कळा यायच्या आधी जीव घाबरतो म्हणूनही. ती आईने लेकीला दिलेली असते, सासूने सुनेला. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला आणि २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. त्यातल्या १७ टक्के बायका धूररहित तंबाखू वापरत होत्या, बहुतेकींची मशेरीच. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. कमी वजनाच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे काय, हे बाळंतपणं करणाऱ्या कोणत्याही नर्सबाईला विचारावं.

हे आपल्याला कळलं कसं? संशोधक घरोघरी गेले, उंबऱ्यावर बसले आणि बायकांना विचारलं, ‘मशेरी लावता का?’ त्यांना आपल्या उत्तराने आपल्यावर काही येईल अशी भीती नव्हती. त्यांनी ‘हो’ म्हणून सांगितलं.